बर्फावरचा झाडू आणि आमची पदकमोजणी

हिवाळी ऑलिंपिकचे दिवस आले, की आमच्यासारख्या उष्ण प्रदेशातील प्रेक्षकांच्या घरी एक संवाद हमखास झडतो. दूरदर्शन संचावर कर्लिंग चालू असते. एक खेळाडू वीस किलोंच्या आसपासचा ग्रॅनाइटचा दगड बर्फावरून सोडतो आणि दोघे जण त्याच्या पुढे जिवाच्या आकांताने बर्फ झाडत सुटतात. "याला पदक? मग घरोघरीच्या गृहिणींनी काय पाप केले?" हशा पिकतो.

या हशाला माझा मुळीच आक्षेप नाही. तो अनभिज्ञ प्रेक्षकाचा हक्कच आहे. हसणारा निदान पाहत तरी राहतो. आणि पाहता पाहता त्याला उमगते, की त्या झाडण्याने घर्षण कमी होऊन दगड अधिक दूर व अधिक सरळ जातो. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत ऑस्ट्रेलियाचा स्केटर स्टीव्हन ब्रॅडबरी हजार मीटरच्या अंतिम शर्यतीत सर्वांत मागे होता. अखेरच्या वळणावर पुढचे चौघेही आपटले आणि सुवर्णपदक त्याच्या गळ्यात पडले. वरिष्ठ चौकशीत अडकल्यामुळे कनिष्ठाला मिळालेली बढती ज्यांनी सरकारी कचेरीत पाहिली आहे, त्यांना ही शर्यत समजण्यास समालोचक लागत नाही.

आक्षेप आहे तो पुढच्या प्रश्नाला : "यात आपली पदके किती?" जमेचा आकडा मागणाऱ्याने आधी आपण गुंतवले काय, ते पाहावे. ल्यूज म्हणजे घसरगाडीवर उताणे निजून बर्फाच्या वळणदार घळीतून सुसाट खाली येण्याचा खेळ. मनालीजवळचा शिव केशवन १९९८ साली नागानो येथे, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यात उतरला. देशात अशी घळ नव्हती. म्हणून घसरगाडीला चाके लावून त्याने हिमालयातील रहदारीच्या रस्त्यांवर सराव केला. २०१८ पर्यंत तो सहा ऑलिंपिक खेळला. २०१४ मध्ये सोची येथे आपली राष्ट्रीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीतील घोळाची शिक्षा खेळाडूंना झाली, आणि उद्घाटनाच्या संचलनात ते तिरंग्याविना, ऑलिंपिकच्या ध्वजाखाली चालले. 'पदके किती' विचारणाऱ्यांपैकी कितींनी त्या दिवशी 'आपला ध्वज कुठे' असे विचारले?

तेव्हा झाडूला खुशाल हसा. पण मोटारी चुकवत सराव करणाऱ्याकडे पदकाची पावती मागण्यापूर्वी त्याला घसरायला हक्काची जागा तरी द्या!