रेशन किटनंतर काय?

कुठे दंगल झाली, पूर आला, घरं जळाली की आपली तरुण मुलं दोन दिवसांत किट पोहोचवतात. याद्या करण्याचं काम बहुधा माझ्यासारख्या कॉम्प्युटरवाल्याकडे येतं. पीठ, डाळ, तेल, ब्लँकेट असे रकाने असतात. पण ज्या बाईने डोळ्यांदेखत सगळं गमावलं, तिला चार दिवस शांत झोप कुठे मिळेल, याचा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

हे काम आपल्या महाराष्ट्रात झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पोलंडमधून सैबेरियाकडे हाकललेली हजारो माणसं पुढे इराणमार्गे भारतात आली. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार लोक राहिले. त्यात बहुतेक बायका आणि मुलंच होती. तिथे नुसतं अन्नछत्र नव्हतं. दवाखाना, शाळा, चर्च, नाटक, स्काउटची पथकं असं सगळं होतं आणि त्यातलं बरंचसं निर्वासितांनीच चालवलं. ते गेल्यावर त्याच जागी फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं वसली. आजचं गांधीनगर ते हेच.

त्याच १९४८ मध्ये आपल्या मराठवाड्यात काय झालं? आधी रझाकारांनी हिंदू गावांवर अत्याचार केले. सप्टेंबरच्या पोलीस ॲक्शननंतर सूड मुसलमान वस्त्यांवर निघाला. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने हैदराबाद संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि आपल्या शेजारचं नांदेड होतं. मागे राहिलेल्या विधवांच्या, दोन्ही समाजांच्या, वाट्याला वळिवडे आलं नाही. त्या दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसल्या आणि गप्प राहिल्या. ते गप्प राहणं आपल्या घराघरांत वारशासारखं उतरलं.

आपल्याकडे इद्दत आहे. विधवेसाठी चार महिने दहा दिवस. त्यावर बोलताना आपण बंधनंच मोजतो: बाहेर जायचं नाही, नटायचं नाही. पण त्या दिवसांत तिच्या घरचं रेशन कोण भरतं? मुलांची फी कोण देतं? ही जबाबदारी जमातीने उचलली नाही, तर तिच्या हाती उरतात फक्त बंधनं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, प्रत्येक तालुक्यात एक घर तरी असं असावं, जिथे दुःखातली बाई आठवडाभर मुलांसह राहू शकेल. सकाळचा चहा तिला आयता मिळावा. तिने बोललंच पाहिजे असा आग्रह नसावा. फोटो, व्हिडिओ बिलकूल नको. कारभार बायकांच्या हाती असावा, जमल्यास स्वतः असं दुःख पचवलेल्यांच्या, कारण काय विचारू नये हे त्यांना ठाऊक असतं. झोप उडालेली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत सरकारी क्रमांकावर फोन लावून द्यावा, डॉक्टरकडे न्यावं. नुसत्या दुआ-तावीजवर थांबू नये. आणि दार शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या ताईलाही उघडं असावं. तिचं दुःखही याच मातीतलं आहे.

खर्च फार नाही. रिकामी खोली, दोन गाद्या, आठवड्याचा किराणा. पुढच्या वेळी मदतीची यादी कराल, तेव्हा त्यात हा एक रकाना वाढवा.