कानाचं मशीन देणाऱ्याची नोंदणी कोण तपासणार?

सेमाडोहच्या आईला शंका आली की आपलं दीड वर्षाचं लेकरू हाक मारली तरी वळून बघत नाही, तर तिला घाट उतरून परतवाडा आणि पुढे अमरावती गाठावी लागते. प्रत्येक खेपेला मजुरी बुडते. एवढं करून समोर बसलेला माणूस श्रवणतज्ज्ञ आहे की नुसता मशीन विकणारा, हे तिने कसं ओळखायचं?

कायदा आहे. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२ नुसार श्रवणतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांची केंद्रीय नोंदवहीत नोंद हवी. नोंद नसताना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कानाचं चांगलं मशीन या दंडाच्या कितीतरी पट महाग असतं! शिवाय परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीने लेखी तक्रार केली, तरच न्यायालय दखल घेतं. परिषद दिल्लीत, रुग्ण मेळघाटात.

अशा ढिलाईने नुकसान काय होतं? मशीनचा आवाज गरजेपेक्षा जास्त ठेवला तर उरलीसुरली ऐकण्याची शक्तीही जाऊ शकते. कमी ठेवला तर मूल ते काढून फेकतं. भाषा शिकण्याची पहिली तीन वर्षं हातातून निघून जातात, ती परत येत नाहीत.

दुसरा धोका भाषेचा. मेळघाटातल्या कितीतरी घरांत कोरकू बोलतात आणि ही भाषा मराठीच्या कुळातली नाही. अशा मुलाची तपासणी फक्त मराठीतून केली तर चांगलं बोलणारं मूलही ‘मागे पडलेलं’ ठरेल. प्रशिक्षित माणूस आधी घरची भाषा विचारतो.

काही जण म्हणतील, कडक नियम केले तर आहे तो माणूसही जाईल. मुद्दा खरा आहे. म्हणून प्राथमिक चाचणी आरोग्यसेविका आणि शाळा-अंगणवाड्यांत जाणाऱ्या तपासणी पथकांकडेच राहू द्या. पण निदान करणं आणि मशीन बसवणं नोंदणीकृत तज्ज्ञानेच करावं, आणि तो ठरलेल्या दिवशी मेळघाटातल्या आरोग्य केंद्रात यावा. बोगस डॉक्टर शोधायला जिल्हा पातळीवर समित्या आहेत. कानाच्या मशीनची दुकानं आणि वाचा-उपचार केंद्रं तपासण्याचं कामही त्यांना द्या, आणि तक्रार दाखल करण्याचा अधिकार परिषदेने जिल्ह्यातल्याच अधिकाऱ्याला द्यावा.

तोपर्यंत तुम्ही एवढं करा. पैसे देण्याआधी परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र मागा, त्याची मुदत बघा. मूल लहान असेल तर ‘बेरा’ चाचणी झाली का ते विचारा. चाचणी न करता मशीन हातात ठेवणाऱ्याकडून घेऊ नका. खरा तज्ज्ञ या प्रश्नांनी रागावत नाही.