तीन वर्षांच्या टेकूवर विमानसेवा उभी राहत नाही

२७ एप्रिल २०१७ रोजी छोटी शहरे विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेची पहिली विमाने निघाली, त्यांत नांदेड-हैदराबादचे विमानही होते. ते चालवणारी हैदराबादची ट्रूजेट कंपनी जुलै २०१५मध्ये सुरू झाली होती. पुढे तिने कोल्हापूर आणि जळगावही जोडले. पण फेब्रुवारी २०२२मध्ये तिची सेवा थांबली ती थांबलीच. याचे सारे खापर कंपनीच्या कारभारावर फोडणे सोपे आहे. मात्र योजनेची आखणीच अशी होती, की छोट्या कंपनीला उभे राहायला वेळच मिळू नये.

सुमारे सत्तर आसनांच्या एटीआर विमानाचे भाडे डॉलरमध्ये आणि विमान उडो न उडो, द्यावेच लागते. इंधन हा सर्वांत मोठा खर्च, आणि ताफा इतका लहान की एक विमान दुरुस्तीला गेले तरी वेळापत्रक कोलमडते. फेऱ्या रद्द झाल्या की प्रवासी पुन्हा रेल्वेकडे वळतो. ‘उडान’ने सुमारे निम्म्या आसनांचे तिकीट तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांच्या आसपास बांधून दिले आणि तूट भरून देण्याची हमी दिली, पण फक्त तीन वर्षे. परिणाम ‘कॅग’च्या २०२३च्या अहवालात दिसतो. मंजूर ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली आणि त्यानंतर मार्च २०२३पर्यंत टिकले अवघे ५४.

कोविडने घात केला, असे कोणी म्हणेल. तो घाव मोठा होता, हे खरेच. पण बेंगळुरूची एअर पेगासस २०१६मध्ये आणि विजयवाड्याची एअर कोस्टा २०१७मध्ये बंद पडली, तेव्हा कोविडचे नावही नव्हते. एसटीची दुरवस्था असताना विमानाला पैसा कशाला, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. एसटीचा हक्क आधीचा, यात वाद नाही. परंतु गुरुद्वाऱ्यामुळे देशभरातून भाविक येणाऱ्या नांदेडसारख्या शहरात विमानतळ बांधून झालेला आहे. तो ओस ठेवल्याने एसटीला रुपयाही मिळत नाही, उलट झालेला खर्च वाया जातो.

नांदेडची सेवा २०२४मध्ये दुसऱ्या कंपनीने पुन्हा सुरू केली. तिचीही तीच गत होऊ द्यायची नसेल, तर मदत एकदम तोडण्याऐवजी प्रवासीसंख्या वाढेल तशी टप्प्याटप्प्याने कमी करावी आणि मार्ग देण्यापूर्वी कंपनीकडे राखीव विमान आहे का, हे तपासावे. २०२५च्या अर्थसंकल्पात ‘उडान’मध्ये १२० नवी ठिकाणे जोडण्याची घोषणा झाली आहे. आधी जोडलेली शहरे टिकवल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही.