विद्यापीठाचा फडणीस

पदांची नावे मोठी फसवी असतात. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत वाकनीस होता, सुरनीस होता. पुढे पेशवाईत फडणिसाचे प्रस्थ वाढले. काम म्हणाल तर सारे लेखणीचे आणि दप्तराचे. पण तलवार मिरवणारे सरदारही या मंडळींना वचकून असत. कोणता कागद कुठे आहे आणि त्यावर लिहिलेले खरे की खोटे, हे सांगणारी माणसे तीच!

हल्ली मोठ्या संस्थांतून ‘चीफ इन्फर्मेशन ऑफिसर’ नावाचा एक अधिकारी दिसू लागला आहे. त्याला ‘माहिती अधिकारी’ म्हणावे, तर आपल्याला माहितीच्या अधिकाराचे अर्ज घेणारा गृहस्थ आठवतो. म्हणून मी आपला त्याला फडणीस म्हणतो. हे पद मूळचे अमेरिकेतले. सिनॉट आणि ग्रूबर या जोडगोळीच्या १९८१ सालच्या पुस्तकाने त्याचा बोलबाला केला. योगायोग असा, की त्याच वर्षी १ मे रोजी आमचा जालना जिल्हा जन्माला आला. जिल्ह्याला कलेक्टर लगेच मिळाला. विद्यापीठांचा हा फडणीस मात्र अजून वाटेतच आहे.

तुम्ही म्हणाल, पूर्णा आणि केळना यांच्या संगमावर बसून ही उठाठेव कशाला? जाफराबादला या फडणिसाचे काय काम? काम आहे, आणि ते मी ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानात पाहिले आहे. एक शेतकरी आपल्या मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आले होते. यंत्र अर्ज घेईना.

“मामा, आधारवर पोरीच्या नावात एक अक्षर जास्ती आहे, अन् कॉलेजच्या कागदावर कमी,” दुकानातला मुलगा म्हणाला.

“आरं, पण पोरगी तर एकच हाय ना?” मामांनी विचारले.

या प्रश्नाला आख्ख्या दुकानात उत्तर नव्हते. कॉलेजने त्यांना विद्यापीठाकडे धाडले होते, विद्यापीठाने पुन्हा कॉलेजकडे. कापूस वेचणी सोडून मामांचा तो तिसरा हेलपाटा होता. शिष्यवृत्ती आली नाही तर मुलीचे शिक्षण थांबणार, हे ते बोलले नाहीत. पण हातातली पिशवी ज्या तऱ्हेने त्यांनी घट्ट धरली होती, तीवरून ते कळत होते.

पूर्वी हे सोपे होते असे मात्र नाही. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी आमच्या भागातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. पण तेव्हा वही एक होती आणि ती सांभाळणारा कारकून डोळ्यांना दिसत होता. आज शाळेची वही वेगळी, विद्यापीठाची वेगळी, आधारची वेगळी, बँकेची वेगळी. चार वह्यांत एकच मुलगी चार प्रकारे लिहिली जाते आणि यंत्राच्या लेखी त्या चार मुली होतात!

फडणिसाचे पहिले काम इथे आहे. कोणती वही खरी मानायची हे त्याने ठरवावे, बाकीच्या वह्यांनी तिच्यावरून उतरून घ्यावे, आणि चूक एकदा दुरुस्त झाली की ती सगळीकडे दुरुस्त व्हावी. २०२१ पासून विद्यार्थ्यांच्या श्रेयांकांची ‘बँक’ निघाली, गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आल्या. कुलूप उत्तम, पण आत ठेवलेला कागदच चुकीचा असेल तर?

दुसरे काम अधिक अवघड. ते म्हणजे ‘नाही’ म्हणणे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरवले. कल्पना वाईट नव्हती. घाई वाईट होती. लाखो उत्तरपत्रिका, पुरती तयारी न झालेली यंत्रणा, आणि नव्या पद्धतीला न सरावलेले प्राध्यापक! राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, निकाल महिनोन्महिने रखडले, पुढच्या प्रवेशासाठी मुले ताटकळली. अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. ‘या वर्षी एकाच शाखेवर प्रयोग करू, बाकीच्यांचे पुढच्या वर्षी पाहू,’ असे कुलगुरूंना तोंडावर सांगण्याचा अधिकार असलेला माणूस अशा वेळी शेजारी बसलेला हवा. संगणक दुरुस्त करणारा वेगळा आणि हा वेगळा.

तिसरे काम राखणीचे. मुलांची जात, उत्पन्न, बँकेचे खाते, फोन नंबर हे सारे विद्यापीठाच्या पोटात असते. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. पण कायदा काही रात्री उठून दाराची कडी तपासत नाही.

महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात माहिती-तंत्रज्ञान मंडळाची तरतूद आहे, हे खरे. मंडळाने धोरण ठरवावे, जरूर ठरवावे. परंतु मंडळ बैठकीपुरते जमते. मामांचा हेलपाटा बैठकीची वाट पाहत नाही. जाफराबादच्या कॉलेजाला स्वतंत्र फडणीस परवडणार नाही, हेही मी जाणतो. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात जो कोणी या कामावर बसेल, त्याने जालना, बीड, धाराशिवच्या शेवटच्या कॉलेजापर्यंत उत्तर दिले पाहिजे. त्याच्या कामाची परीक्षा यंत्रांच्या किमतीवर करू नये. दुकानातल्या त्या मामांना किती खेटे घालावे लागले, यावर करावी.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपले व्यापारी वहीची पूजा करतात. हळदकुंकू वाहिले जाते ते कागदाला नव्हे. त्या वहीतल्या आकड्यासाठी कोणीतरी जबाबदार आहे, या विश्वासाला. यंदा दिवाळीत आपल्या विद्यापीठांनीही आपली वही एकदा उघडून पाहावी, आणि तिचा धनी कोण, तेवढे नाव पहिल्या पानावर लिहून ठेवावे.