कुरुळीतल्या भाडेकरूचा आमदार कोण?

दिलीप मोहिते-पाटील २००४ला राष्ट्रवादीकडून आमदार झाले, २००९ला पुन्हा झाले. २०१४ला शिवसेनेच्या सुरेश गोरेंनी त्यांना पाडलं, २०१९ला त्यांनी गोरेंना पाडलं. पुढच्याच वर्षी गोरे कोरोनानं गेले. २०२३ला पक्ष फुटला तेव्हा मोहिते अजित पवारांबरोबर राहिले, आणि २०२४ला ठाकरेंच्या शिवसेनेच्या बाबाजी काळेंनी त्यांना पन्नास हजारांहून जास्त मतांनी हरवलं. तेही कधी, तर पुणे जिल्ह्यातल्या २१ पैकी १८ जागा महायुती घेऊन गेली तेव्हा.

वीस वर्षं, पाच निवडणुका, तीन आमदार. बातम्यांत याला खेड-आळंदीचं राजकारण म्हणतात. माझं म्हणणं असं, की या सगळ्या कारकिर्दीत कुरुळीत राहणारा बहुतेक माणूस कुठंच नाही.

कुरुळी म्हणजे मोशी सोडून चाकणकडे निघालं की नाशिक हायवेवर लागणारं गाव. मोहिते दुसऱ्यांदा निवडून आले त्याच २००९ साली कुरुळी-निघोजेच्या जमिनीवर मर्सिडीजचा कारखाना सुरू झाला. पलीकडे फोक्सवॅगन, महिंद्रा, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप. शेतं गेली, गुंठे झाले, गुंठ्यांवर खोल्या झाल्या. शिफ्ट सुटल्यावर रस्त्यावर जो लोंढा दिसतो तो बीड, लातूर, यवतमाळचा असतो, बिहार-यूपीचा असतो. एका खोलीत चौघं, दोन डे शिफ्टला, दोन नाइटला. टँकरचं पाणी हेच पितात, तुंबलेल्या गटारातून हेच चालतात. आणि यांतल्या बहुतेकांचं मत गावाकडं असतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग इथं नाव नोंदवा की, कोण अडवतंय? कायदा अडवत नाही, हे खरं. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो तिथला तो मतदार. भाड्याची खोली चालते. पण पत्त्याचा पुरावा मागितला की खोलीमालक करार करून देत नाही, ठेकेदार अकरा महिन्यांत माणूस बदलतो, आणि गावाकडचं नाव कापलं तर रेशनपासून भावकीपर्यंत सगळं तुटेल ही भीती असतेच. शिवाय खोलीमालक हाच इथला मतदार. भाडेकरूंची नावं यादीत आली तर ग्रामपंचायतीत कोण बसेल, हे त्याला चांगलं कळतं. आमदारकीला उभ्या राहणाऱ्यालाही कळतं. म्हणून लग्न, दशक्रिया, यात्रा, बैलगाडा शर्यत इथं आमदार हजर असतो आणि खोल्यांच्या चाळीत दिसत नाही. यात मोहिते, गोरे, काळे असा फरक करण्यात अर्थ नाही. मत नसलेल्या माणसासाठी वेळ घालवणारा आमदार पुढच्या वेळी घरी बसेल.

२०२१मध्ये काय चाललं होतं ते आठवा. राज्यात राष्ट्रवादी आणि शिवसेना एकाच सरकारात, आणि खेड पंचायत समितीच्या सभापतिपदावरून दोघांत अशी जुंपली की संजय राऊत थेट खेडला येऊन मोहितेंवर बरसले. चाकणच्या कंत्राटी कामगारासाठी कुठला मोठा नेता असा धावून आलेला मला आठवत नाही.

मतदार तरी काय विचारतो? ट्रॅफिक. नाशिक फाटा ते खेड या उन्नत मार्गाला ऑगस्ट २०२४मध्ये मंजुरी दिली ती केंद्रीय मंत्रिमंडळानं: ३० किलोमीटर, ७,८२७ कोटी. आमदाराचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी. सगळा निधी या एका रस्त्यात ओतला तरी दीड हजारावर वर्षं लागतील! तरी भूमिपूजनाच्या फ्लेक्सवर फोटो त्याचा, आणि कोंडीत अडकल्यावर शिव्याही त्यालाच.

जे खरोखर विधानसभेच्या हातात आहे ते कुणी विचारत नाही. एमआयडीसीचा १९६१चा कायदा राज्याचा. ग्रामपंचायतींचा १९५८चा कायदाही राज्याचाच, आणि त्यात सदस्य जास्तीत जास्त सतरा, मग भोवती कारखाने उभे राहोत नाहीतर ज्वारी. कारखान्याला जमीन, पाणी, वीज देताना कामगार राहणार कुठं, हे आधी ठरवायची सक्ती करणारं कलम आमदार मांडू शकतो. अशासकीय विधेयक मांडायला मंत्रिपद लागत नाही.

आता मतदारसंघांच्या फेररचनेची चर्चा सुरू आहे. खेड-आळंदीची आजची हद्द २००१च्या जनगणनेवर आखलेली, म्हणजे मर्सिडीजच्या आधीची. २०२७च्या जनगणनेत माणूस राहतो तिथं मोजला जाईल, म्हणजे कुरुळीच्या खोलीतले चौघंही कुरुळीतच. त्या डोक्यांच्या जोरावर या पट्ट्याला उद्या आणखी एखादा आमदार मिळू शकतो. त्याला निवडून देणाऱ्यांत मात्र खोलीमालक असेल आणि हे चौघं त्या दिवशी शिफ्टला असतील.