शेवटचं कडवं गाळू नका



दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीकडची माणसं शिदोरी बांधून येतात. रात्री भीमगीतांचे कार्यक्रम रंगतात. गायकाचं नाव फलकावर मोठ्या अक्षरांत असतं. गाणं कुणी रचलं, हे मात्र कुणी सांगत नाही.

त्यातली कितीतरी गाणी वामनदादा कर्डकांची असतात. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी झाला. आईबरोबर ते मुंबईला आले आणि शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले. कोळशाच्या वखारीत राबले, खडी फोडली, आईसफ्रूट विकलं. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. ऐन तारुण्यात कुणीतरी पत्र वाचायला हातात दिलं आणि ते वाचता येईना. ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. देहलवी मास्तरांनी अक्षरओळख करून दिली. मग दुकानांच्या पाट्या वाचत वाचत हा मजूर वाचायला शिकला.

असा हा माणूस १९४३ मध्ये पहिलं गीत लिहितो. त्याच काळात तो समता सैनिक दलात वावरतो, बाबासाहेबांना ऐकतो, आणि पुढे साठ वर्षं गात राहतो. वाडी-वस्तीवर, चाळीच्या पटांगणात, मिळेल त्या बिदागीवर. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे त्यांचे गीतसंग्रह निघाले. पण ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्याही घरी वामनदादा पोहोचले ते गळ्यावाटे. १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

वामनदादांच्या पुष्कळ गीतांत अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येतं. जुन्या संतांच्या अभंगात ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’ येतं, तसंच. ज्याच्याजवळ ना प्रेस, ना कंपनी, त्याने आपली सही गाण्यातच गुंफून ठेवली! पण आज वेळ कमी म्हणून गायक दोन कडव्यांवर गाणं आवरतो. डीजेवर तर मुखडाच तेवढा वाजतो. गाळलं जातं ते शेवटचंच कडवं, आणि त्याच्याबरोबर रचणाऱ्याचं नावही जातं. शंभर वर्षांनी आपलीच नातवंडं म्हणतील, ही गाणी कुणाची कोण जाणे. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी पुसला, त्याने आपल्या कवीचं नाव आपल्याच हाताने पुसावं काय?

म्हणून विहाराच्या कार्यकारिणीला आणि मंडळांना विनंती आहे. गाण्याआधी गीतकाराचं नाव सांगा. शेवटचं कडवं म्हणा. गावातल्या जुन्या गायकाकडे गीतांची वही असेल, तर ती वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका. शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवा आणि तिच्याकडून नवी प्रत उतरवून घ्या. प्रत्येक गीताखाली रचणाऱ्याचं नाव लिहायला सांगा.

मजुरी बुडाली तर आपण भांडतो. वामनदादांच्या घामाचं मोल एवढंच आहे, त्यांचं नाव. ते तरी बुडवू नका.