आधी निदान, मग उपाय

संगणक मंद चालू लागला, की तो टाकून नवा घ्यावा, असे पुष्कळांस वाटते. परंतु मंदपणाचे कारण न शोधता यंत्र टाकून देणे हा उधळेपणा होय. ज्या घरी मुलांच्या अभ्यासासाठी एकच जुना संगणक आहे, त्या घराला तर तो मुळीच परवडणारा नाही.

संगणकाचे काम किराणा दुकानासारखे चालते. दुकानदार नेहमी लागणारे जिन्नस हाताशी फळीवर ठेवतो. उरलेला माल मागच्या कोठारात असतो. संगणकाची फळी म्हणजे रॅम आणि कोठार म्हणजे हार्ड डिस्क. फळी तोकडी असली, तर चिमूटभर हिंगासाठीही कोठारात खेप घालावी लागते. शिवाय हार्ड डिस्कमधील तबकडी फिरत असते व माहिती वाचणारा दांडा तिच्यावर मागेपुढे सरकत असतो. विखुरलेले लहान तुकडे गोळा करण्यात त्याचा फार वेळ जातो.

या खेपा वाचविण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ‘रेडीबूस्ट’ नावाची सोय काढली. २००७ साली सर्वांस मिळू लागलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये ती प्रथम आली. पडून असलेला पेनड्राइव्ह जोडून ही सोय चालू केली, की वारंवार लागणाऱ्या माहितीच्या प्रती त्यावर ठेवल्या जातात. पेनड्राइव्हमध्ये हलणारा भाग नसल्यामुळे लहान तुकडे त्यातून चटकन सापडतात. मोठी सलग माहिती मात्र डिस्कवरूनच वाचली जाते. त्या कामात तीच सरस. मूळ माहितीही डिस्कवरच असते. म्हणून पेनड्राइव्ह काढला, तरी ती नाहीशी होत नाही.

तथापि हा उपाय म्हणजे जादूची कांडी नव्हे. रॅम पुरेशी असेल, तर त्याचा लाभ फारसा जाणवत नाही. डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी असेल, तर तो निरर्थकच ठरतो. २००९ साली आलेल्या विंडोज ७ मध्ये अशा संगणकावर ही सोय बंदच ठेवली जाते. जेथे रॅम वाढविणे शक्य आहे, तेथे तोच खरा उपाय होय. पेनड्राइव्हला रॅमची बरोबरी साधत नाही.

म्हणून प्रथम ‘टास्क मॅनेजर’ उघडून पाहावे. रॅम किती भरली आहे, डिस्क किती गुंतली आहे, हे तेथे दिसते. कारण कळल्यावर उपाय निवडावा. नाडी न पाहता दिलेले औषध लागू पडले नाही, तर तो दोष औषधाचा नव्हे. जुने म्हणून टाकणे आणि स्वस्त म्हणून भुलणे, या दोन्ही चुका विचार न करण्यातूनच घडतात.